नवीन पार्टीची फाइल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं कर-सल्ल्याचं लहानसं ऑफिस आहे. जीएसटी, इन्कम टॅक्स, व्यवसाय कर आणि दुकानदारांची हिशेब लिहायची कामं. ऑडिट आलं की ते सीएकडे जातं. आमच्याकडे शिकून गेलेली काही मुलं-मुली आता तासगाव, पलूस, जत इकडे स्वतःची ऑफिसं चालवतात. महिन्याची अकरा आणि वीस या जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखा सोडल्या तर रोज कुणाचा तरी फोन असतो, आणि प्रश्न फिरून तेच: नवीन पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, काम हातात घेताना काय बघायचं. म्हणून एकदा लिहून टाकतोय. हे दोन टेबलं आणि तीन-चार माणसं असलेल्या ऑफिसांसाठी आहे. मोठ्यांची तऱ्हा वेगळी.

पार्टी दारात येऊन म्हणाली, ‘उद्यापासून आमचं तुम्हीच बघा.’ लगेच हो म्हणायचं का?

नाही. चहा सांगा आणि चहा येईपर्यंत फक्त जीएसटी नंबर मागा. त्या पंधरा अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असतं.

पहिली दोन अक्षरं राज्याची. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक. आमच्याकडे हे मुद्दाम बघावं लागतं, कारण मिरजेहून कर्नाटकातलं कागवाड हाकेच्या अंतरावर. गोडाऊन तिकडे, दुकान इकडे आणि नंबर एकच असं सापडतं. मालकाच्या डोक्यात ते ‘आपलंच गोडाऊन’ असतं. कायद्याला मात्र प्रत्येक राज्यात वेगळी नोंदणी लागते. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, पी असेल तर धंदा एका व्यक्तीचा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. समोर बसलेले दोघं सांगतात, ‘आम्ही भाऊ-भाऊ भागीदार आहोत’, आणि सहाव्या जागी पी असतं. म्हणजे कागदावर सगळा धंदा थोरल्याचा. धाकटा पंधरा वर्षं गल्ल्यावर बसतोय, पण त्याचं नाव कुठेच नाही. हा विषय त्या दिवशी काढायचा नसतो, पण तुमच्या वहीत त्याची नोंद त्याच दिवशी पडायला हवी.

मग जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघा. नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द झालीय ते दिसतं. कोणतं रिटर्न कुठल्या तारखेला भरलं तेही दिसतं. एका हार्डवेअरवाल्यानं मला छातीठोक सांगितलं होतं, ‘साहेब, आपलं सगळं क्लिअर आहे.’ चहा अर्धा संपायच्या आत कळलं की नोंदणी रद्द होऊन दोन महिने झालेत, आणि हा गडी रोज बिलावर कर लावून माल विकतोय. खोटं बोलत नव्हता तो. त्याला माहीतच नव्हतं. रद्दचा आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत नोंदणी पुन्हा चालू करून घेण्याचा अर्ज करता येतो, त्यातले साठेक दिवस गेलेले होते. मी त्या दिवशी नुसतं ‘या उद्यापासून’ म्हटलं असतं आणि महिनाअखेरीला लॉगिन केलं असतं, तर ती रद्द झालेली नोंदणी त्याच्या आठवणीत कायमची माझ्याच काळातली राहिली असती.

पहिल्या भेटीत पार्टीला नेमकं काय विचारायचं?

धंदा काय आणि उलाढाल किती हे ती न विचारता सांगते. तुम्ही विचारायचं ते असं: आधीचं काम कोण बघत होतं आणि का सोडताय? आमच्याकडे बिलं कोण आणून देणार, त्याचं नाव काय, तो आठवड्यातून किती दिवस दुकानात असतो? बँकेची खाती किती, आणि त्यात घरचा खर्च जातो का?

‘का सोडताय’ या प्रश्नाच्या उत्तरावर कान ठेवा. ‘ते फोन उचलत नाहीत’ हे खरं असू शकतं. ‘त्यांनी लेट फी लावली’ असं म्हणाली तर सावध व्हा. लेट फी पोर्टल लावतं, आणि बिलं कुणी उशिरा दिली ते तिनं सांगितलेलं नसतं. पाच वर्षांत तीन सल्लागार बदललेली पार्टी असेल तर चौथे तुम्ही, एवढं लक्षात ठेवून फी सांगा.

कागदपत्रं कोणती मागायची? यादी देता का?

पॅन, आधार, फोटो, जागेचं वीजबिल, भाड्याची जागा असेल तर भाडेकरार, वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर संमतीपत्र, रद्द केलेला चेक, भागीदारी असेल तर डीड, मागच्या तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स ताळेबंदासकट, जीएसटीचं प्रमाणपत्र, व्यवसाय कराचे नंबर, असलं तर उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप मिळाला तर सोन्याहून पिवळं.

यात दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली, व्यवसाय कर. मालकाचा स्वतःचा पीटीईसी वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून. पगारी माणसं असतील तर पीटीआरसी वेगळा. दोन्ही एकच समजून एकच भरणारे पुष्कळ आहेत. दुसरी, नवीन जीएसटी नोंदणी असेल तर बँक खात्याचा तपशील. तो ३० दिवसांच्या आत, किंवा त्याआधी जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरणार असाल तर त्याच्या आधी, पोर्टलवर टाकावा लागतो. नाही टाकला तर नोंदणी स्थगित होते. नोंदणी काढून देणारा एक, रिटर्न भरणारा दुसरा असं झालं की हे काम दोघांच्या मधे पडतं.

आणि हो, मोबाइलवर काढलेला वीजबिलाचा फोटो घेऊ नका. कोपरा कापलेला असतो आणि ग्राहक क्रमांक नेमका त्याच कोपऱ्यात.

पासवर्ड, ओटीपी आणि डीएससी (डिजिटल सही) यांचं काय करायचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, हे पहिल्याच दिवशी बघा. नोंदणी काढताना कुणीतरी घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो. एका पार्टीचा ओटीपी मालकाच्या भाच्याच्या फोनवर जायचा. तोच पूर्वी दुकान बघायचा. मग तो पुण्याला नोकरीला लागला. वीस तारखेला संध्याकाळी सात वाजता आम्ही त्याला फोन करतोय, तो मीटिंगमध्ये, मामा इकडे तणतणतोय, पोर्टल गोल-गोल फिरतंय. असे तीन महिने काढले, आणि मग मोबाइल बदलायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली. ती पंधरा मिनिटं पहिल्या दिवशी काढायला हवी होती. चूक सरळ माझी.

ईमेल आधीच्या सल्लागाराचा असेल तर गोष्ट जास्त गंभीर. नोटीस ईमेलवर गेली किंवा पोर्टलवर टाकली, की कायद्याच्या हिशेबी ती बजावली गेली. ‘आम्हाला मिळालीच नाही’ हे पुढे टिकवणं अवघड. म्हणून लॉगिन मिळताक्षणी नोटिसांची पानं उघडा. ती पोर्टलवर एका जागी नाहीत. ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ वेगळं आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ वेगळं. पहिलं रिकामं दिसलं म्हणून लोक हुश्श करतात, आणि नोटीस दुसऱ्यात पडून असते. दोन्ही पानांचा स्क्रीनशॉट तारखेसह फाइलला लावा. फाइल हातात आली तेव्हा काय होतं याचा तो पुरावा.

पासवर्ड घेतल्यावर बदला, आणि बदललेला मालकाला लेखी द्या. काही जण देत नाहीत. पार्टी बांधून ठेवायचा तो मार्ग आहे असं त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. लॉगिन पार्टीचं आहे, आपण तिथे पाहुणे. ऑफिसमध्ये पासवर्डची वही एकच असावी, कुलपात. भिंतीवर पिवळी चिठ्ठी नको आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नकोच नको.

डीएससीचा टोकन शक्यतो ठेवून घेऊ नका. ती पार्टीची सही आहे. कुणाची सही केलेले कोरे कागद तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवाल का? गाव लांब आहे, रोज येणं जमत नाही, म्हणून ठेवावाच लागला तर रजिस्टर करा: कधी आला, कुठल्या कामाला वापरला, कधी परत गेला, घेणाऱ्याची सही. मुदत कधी संपते तेही तिथेच लिहा. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी टोकन मेलेला निघणं हा प्रकार एकदा भोगला की माणूस आपोआप लिहायला लागतो.

आधीच्या सल्लागाराशी बोलायचं का? पार्टी म्हणते, ‘त्यांना काही कळवू नका.’

सीएंना याबाबत स्पष्ट नियम आहे. आधी दुसरे सीए ऑडिटर असतील, तर त्यांना लेखी कळवल्याशिवाय नव्यानं ते काम स्वीकारणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. १९४९ च्या सीए कायद्यातच ते आहे. आपल्यासारख्यांवर तसं बंधन नाही, तरी मी फोन करतो. गाव लहान आहे. उद्या वकील-सल्लागारांच्या चहाच्या गाड्यावर तेच शेजारी उभे असणार.

फोनवर फिर्याद मांडायची नाही. ‘अमुक पार्टी माझ्याकडे आलीय, तुमचं काही येणं बाकी आहे का, आणि शेवटचं रिटर्न कुठलं भरलंय?’ एवढंच. येणं बाकी असेल तर पार्टीला ते आधी भागवायला सांगा. ती टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या वर्षी कुणाची फी टाळली जाणार ते तुम्हाला कळलंच.

डेटा अडवून धरणारे भेटतात. तेव्हा हातघाईवर येऊ नका. जीएसटीआर-१, थ्री-बी (कर भरायचं रिटर्न), टू-बी (व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचा तक्ता), लेजर, सगळं पोर्टलवरून उतरवता येतं. इन्कम टॅक्सकडून २६एएस आणि एआयएस, म्हणजे कापलेल्या टीडीएसचं आणि वर्षाच्या व्यवहारांचं पत्रक, मिळतं. बँकेकडून स्टेटमेंट. यावरून हिशेब पुन्हा उभा राहतो. फक्त वेळ जातो, आणि त्या वेळेचे पैसे पार्टीला आधी सांगायचे असतात.

मागचं थकलेलं काम कोणी करायचं?

तुम्ही कराल, पण वेगळं काम म्हणून, वेगळ्या फीत. पहिल्या दिवशी एक तारीख ठरवा. त्या तारखेपासूनची जबाबदारी तुमची. त्याआधीचं सगळं ‘मागची बाकी’, आणि तिचा कागद स्वतंत्र.

समजा दीड कोटीच्या आतली उलाढाल, १४ महिन्यांची थ्री-बी थकलेली, आणि प्रत्येक महिन्यात कर देणं लागतंय. रोजची लेट फी ५० रुपये, पण या उलाढालीला एका रिटर्नमागे २,००० ची कमाल मर्यादा आहे, म्हणजे ४० दिवसांत ती गाठली जाते. जवळजवळ सगळी रिटर्न्स तिथे पोचलेली असणार. धरून चला २८,००० च्या आसपास, वर न भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. शून्य रिटर्न असतं तर रोजचे २० आणि कमाल ५०० वर निभावलं असतं. हा आकडा पहिल्या भेटीतच कागदावर लिहून समोर सरकवायचा. तोंडी सांगितलेला आकडा पार्टीच्या डोक्यात घरी पोचेपर्यंत अर्धा होतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे दोन तारखा बघा. एक, त्या आर्थिक वर्षाचं इनपुट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेण्याची मुदत: पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. ती हुकली की खरेदीवर दिलेला कर खिशातून गेला. दोन, मुदत संपून तीन वर्षं झालेलं रिटर्न पोर्टल आता भरूच देत नाही. २०२५ च्या मध्यापासून ते दार बंद झालंय. पूर्वी ‘सावकाश भरू’ म्हणता यायचं. आता एखादं जुनं रिटर्न त्या उंबऱ्यावर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेच पहिलं हातात घ्या.

फी किती सांगायची, आणि कधी?

किती ते तुमचं गाव ठरवेल. कधी, याचं उत्तर मात्र एकच, कागद हातात घ्यायच्या आधी. कागद टेबलावर आले की फीची बोलणी संपली असं पार्टी धरते.

‘साहेब, तुम्ही काय जास्त घेणार नाही, बघून घ्या की’ या वाक्याला हसून मान डोलावू नका. माझी पहिली पाच-सहा वर्षं या वाक्यात गेली. दिवाळीला पेढ्यांचा बॉक्स यायचा, पैसे मार्चला, आणि तेही ‘थोडे कमी करा’ म्हणत.

उलाढालीवर फी ठरवणं सोपं, पण फसवं. दोन कोटींचा सिमेंटवाला महिन्याला चाळीस बिलं करतो, आणि पन्नास लाखांचा मेडिकलवाला हजारावर. कष्ट बिलांच्या संख्येत आहेत. मी एक महिन्याची खरेदी-विक्रीची बिलं मोजून मगच आकडा सांगतो. त्यात काय येत नाही ते त्याच वेळी सांगायचं: नोटिशीचं उत्तर, कर्जाच्या फाइलसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट, नोंदणीतले बदल, जुनी रिटर्न्स.

वसुलीसाठी एक हत्यार आपल्याकडे आहे आणि आपणच ते वापरत नाही. तुमचं ऑफिससुद्धा सेवा उद्योग आहे, उद्यम नोंदणी करा. ती फुकट होते, सरकारी पोर्टलवर, कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे गेलं तर पार्टीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. ज्या पार्टीला तुम्ही हा नियम तिच्या पुरवठादारांसाठी समजावून सांगता, तिला तुमच्या बिलासाठीही सांगायला लाजू नका. टीडीएस कापण्याचं बंधन असलेली पार्टी वर्षाला ५०,००० च्या वरच्या व्यावसायिक फीवर १० टक्के कापेल, तो कापू द्या, पण भरला की नाही ते २६एएसमध्ये तपासा. आपण जगाचा टीडीएस तपासतो आणि आपला विसरतो.

लेखी पत्र द्यावं का? आमच्याकडचे लोक सही म्हटलं की बिचकतात.

बिचकतात ते इंग्रजी चार पानांना. मराठीत एक पान करा, ‘कामाचं पत्र’ म्हणा, करार म्हणू नका. माझ्या पत्रातली तीन वाक्यं जशीच्या तशी देतो:

‘महिन्याची सर्व विक्री व खरेदीची बिलं आपण पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्याल. ५ तारखेनंतर आलेल्या बिलांमुळे लागणारी लेट फी व व्याज आपलं राहील. ५ तारखेपर्यंत बिलं येऊनही आमच्याकडून उशीर झाल्यास लेट फी आम्ही भरू.’

तिसरं वाक्य नसेल तर पहिल्या दोनला किंमत नाही. ते वाचल्यावर पार्टी मान वर करून बघते, आणि सही करते. माझ्यावर ती लेट फी भरायची वेळ दोनदा आलीय. भरली.

पत्रात पार्टी मासिक रिटर्नवाली आहे की तिमाही, तेही लिहा. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाहीचा पर्याय असतो, महाराष्ट्रात त्याची थ्री-बी तिमाहीनंतरच्या २२ तारखेपर्यंत, पण तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत भरायचाच असतो. ‘तिमाही’ म्हणजे तीन महिने सुट्टी, असं समजणारे मालक आहेत.

पहिल्या महिन्यात हिशेबात काय तपासायचं?

सुरुवातीच्या शिलका. मागच्या ताळेबंदातला आकडा आणि टॅलीतला आकडा जुळत नसेल तर पुढे काहीही टाकू नका. येणेकऱ्यांची यादी मालकासमोर वाचा. ‘हा तर वारला’, ‘याचं तर मिटलं कधीच’ अशी नावं निघतात.

बिलिंग सॉफ्टवेअरमधले कराचे दर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ चे टप्पे जाऊन ५ आणि १८ आले. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र एखाद-दुसऱ्या वस्तूला जुना १२ तसाच चिकटलेला असतो, कारण ती वस्तू वर्षातून दोनदाच विकली जाते. एचएसएन, म्हणजे वस्तूचा कोड, पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत चार आकडी आणि वर सहा आकडी. पाच कोटींच्या वरच्या पार्टीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू आहे. उलाढाल मोजताना एकाच पॅनवरच्या सगळ्या राज्यांची एकत्र धरायची.

टू-बी १४ तारखेला येतं. पहिल्या महिन्यात ते मालकाला शेजारी बसवून खरेदीच्या बिलांशी लावून दाखवा. कोणत्या व्यापाऱ्यानं बिल दाखवलेलं नाही ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. दुसऱ्या दिवशी तो व्यापाऱ्याला जो फोन करतो, तसा आपण कधीच करू शकत नाही.

व्हॉट्सॲपवर बिलं पाठवलेली चालतात का?

चालतात, पण नियमानं. एका पार्टीचा एकच नंबर, दिवसाला एकदा, आणि फोटोत अंगठा नको. खरंच, सगळ्यात जास्त इनपुट अंगठ्याखाली अडकलेलं असतं. बिलाचा खालचा कोपरा धरून फोटो काढतात आणि कराची रक्कम तिथेच. थर्मल कागदावरची बिलं, म्हणजे पेट्रोल पंपासारखी, लगेच फोटो काढून ठेवायला सांगा. उन्हात गाडीच्या काचेपाशी पडली की दोन महिन्यांत कोरी.

मूळ कागद आपण ठेवायचे की पार्टीनं?

पार्टीनं. आपण नोंद करून, शिक्का मारून परत द्यायचे. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणजे सहा वर्षं, आणि अपील वगैरे चालू असेल तर त्याहून जास्त. एवढे गठ्ठे ठेवायला आपल्या गाळ्यात जागा कुठली?

शिवाय आमच्या गावाला कृष्णा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गणपती पेठेतल्या एका पार्टीच्या फाइली आम्ही नंतर उघडल्या. कागद एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते, शाई उतरून सगळ्या पानांवर एकच निळा डाग. वर चिखलाचा तो वास. २०२१ ला पाणी पुन्हा आलं. तेव्हापासून नवीन फाइल घेताना विचारतो, ‘दप्तर कुठल्या मजल्यावर ठेवता?’ बाहेरगावचे हसतात. सांगलीचे लगेच उत्तर देतात.

कोणत्या पार्टीला सरळ नाही म्हणायचं?

जिला फक्त बिलं हवीत आणि माल नको. जी नोकराच्या, ड्रायव्हरच्या किंवा गावाकडच्या चुलत्याच्या नावानं नोंदणी काढायला सांगते, आणि तो माणूस समोर येत नाही. जी तिप्पट फी पहिल्याच बैठकीत कबूल करते. बोगस बिलांच्या भानगडीत मदत करणाऱ्यालाही कायदा सोडत नाही, आणि चौकशीत पहिला फोन कुणाच्या मोबाइलवरून ओटीपी गेला यावरून येतो. नाही म्हणताना भाषण द्यायचं नाही. ‘सध्या नवीन काम घेत नाही’ एवढं पुरतं.

नातेवाइकांचं काम घ्यावं का?

घ्या. पत्र तेच, ५ तारीख तीच. फी घ्यायची नसेल तर बिल पूर्ण करून सवलत दाखवा. मेव्हण्याला निदान आकडा तरी कळेल.

किती दिवसांत काम रुळावर येतं?

मासिक पार्टी असेल तर तीन रिटर्न्स. पहिलं भांडत, दुसरं आठवण करून देत, तिसऱ्याला बिलं आपोआप यायला हवीत. चौथ्या महिन्यातही तुमचाच पोरगा दुकानात जाऊन पिशवी आणत असेल, तर त्या फेऱ्यांचे पैसे लावा.

पार्टी सोडून जायची म्हणाली तर?

जाऊ द्या, आणि तिला घेताना केलं तेच उलट्या बाजूनं करा. शेवटचं रिटर्न कुठलं, त्याची पोच. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. डीएससी असेल तर रजिस्टरवर सही घेऊन परत. पासवर्ड बदलायला सांगा आणि आपल्यासमोर बदलून घ्या. पोर्टलवर आपला ईमेल कुठे राहिला असेल तर तो काढा, नाहीतर दोन वर्षांनी तिची नोटीस तुमच्या इनबॉक्समध्ये येते आणि कळवायचं की नाही याचा घोळ. दिलेल्या कागदांची यादी दोन प्रतींत करा, एकीवर तिची सही घ्या. पावती तिची फी बाकी असली तरी करायची, आणि बाकी आकडा त्याच पावतीच्या खाली लिहायचा.